आठ अंशांची ऐपत

नायट्रोजन येतो गुरांच्या दवाखान्यातून.
इरगौडा आणतो, टीव्हीएसच्या मागे कॅन आवळून,
ज्यात कालपर्यंत कुठल्याशा खिलार वळूचं बीज
गोठून बसलेलं होतं.
‘भाळ थंड ऐत्री,’ दर मंगळवारी तेच म्हणतो,
आणि टोपी काढून वाफेत धरतो.

हीलियम आमच्या कॉलेजला परवडत नाही.
म्हणून आम्ही सत्त्याहत्तर केल्विनवर मुक्काम करतो.
पंच्याऐंशीला स्फटिकाचं अतिवाहकपण सुटतं.
मधले आठ अंश,
एवढीच आमची जमीन.

भिंगाखाली ते एक पठार आहे,
बेळगावसारखंच: वरून सपाट, कडांना तुटलेलं.
लांबी चार केस शेजारी ठेवावेत एवढी.
उंचीत मात्र सहाशे साठ थर.
सगळे एका तालात आले
तर कडेतून एक लाट निघते,
रेडिओच्या गावाबाहेरची, उजेडाच्या शिवेच्या अलीकडची,
दोन्हीकडच्या उताऱ्यांत कुणी न चढवलेली पट्टी.

पण वीज घातली की पठार तापतं.
बाहेरून नाही. पोटातून.

तीन वर्षं मी त्या उष्णतेशी भांडले.
बूड घासून पातळ केलं, डिंक सुईच्या टोकानं लावला,
तांब्याची चकती लेथवर पुन्हा पुन्हा फिरवून घेतली,
वीज ठोक्याठोक्यानं सोडली,
मध्ये त्याला दम खाता यावा म्हणून.
अहवालात दर वेळी माझं एकच वाक्य:
स्वतः तापल्यामुळे मोजमाप थांबवले.

बाबांनी उद्यमबागेत एकतीस वर्षं ओतकाम केलं.
एकदा डबा द्यायला आले ते भिंगाशीच अडकले.
वर मी लाल चमकणारी पूड पसरली होती;
तापेल तिथं तिची चमक विझते.
त्यांना मधोमध काळा डाग दिसला.
‘जळलं की गं हे.’
नाही बाबा, गरम आहे.
‘गरम, आणि काळं?’ हसले. ‘आमच्यात उलटं.’
मग बराच वेळ तसेच वाकून:
‘सोताच्याच आगीत शिजूलालंय की.
पण कडा बघ, कडा गार हाय.
गाभा शेवटी निवतो, पोरी.
त्याला पोसायला आम्ही वर जादा रस ठेवतो,
तू त्याला विझवूलालीस.’
मी डबा उघडला. चुरमुऱ्याचा सुसला होता,
गार झालेला.

त्या मंगळवारी माझं लक्ष नव्हतं.
इरगौडा सांगत होता त्याच्या गाईचं,
तिसऱ्यांदा सुई दिली, तिसऱ्यांदा उलटली,
आणि माझा हात बटणावर होता.
वीज वाढत राहिली. व्होल्टेज चढायचं ते
मागं वळलं,
जिथं मी नेहमी सगळं बंद करते, तिथून पुढे.
डाग पसरला, अर्धं पठार त्यानं व्यापलं,
आणि थांबला.
पडद्यावरची रेघ,
जी तीन वर्षं लोकरीसारखी पिंजलेली होती,
उभी राहिली. बारीक. सुई.

निकामी झालेला अर्धा भाग
उरलेल्या अर्ध्याला धरून ठेवत होता का?
का त्यांच्या मधल्या सांध्यावर काहीतरी
सगळ्या थरांना एकच ठेका देत होतं?
वहीत ‘का’ लिहिलं
आणि पुढची पाच ओळींची जागा सोडली.
अजून कोरीच आहे.

कॅन संपत आला. अठ्ठ्याहत्तर, ऐंशी.
काटा कुणाची भीड ठेवत नाही.
रेघ हलली, जाड झाली,
चौऱ्याऐंशीला नुसती गुरगुर उरली.

इरगौडानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.
‘आलं काय तुमचं?’
आलं होतं, म्हटलं. अकरा मिनिटं.
‘मग तेवढं पुरे की.’
टोपी झटकून डोक्यावर घातली.
‘आमचीला उद्या परत सुई हाय.’

रिकामा कॅन आम्ही दोघांनी खाली नेला.
बाहेरून त्यावर बर्फ,
आणि धरलेली बोटं
भाजल्यासारखी.